सोंगाचा डाव : त्यांतील कस आणि खरेपणा

आमच्या पुंडलिकनगरच्या घरांत मधल्या खोलींत एक जुनें सागवानी कपाट आहे. त्याच्या तळच्या खणांत तीन खेळ गुंडाळून ठेविलेले आहेत: एक मोक्षपट, दुसरा सारीपाट आणि तिसरा बुद्धिबळाचा पट. तिन्ही माझ्या आईच्या माहेराहून आलेले. आईचें वय आज ८७ आहे. त्यावरून पटांच्या वयाचा अदमास वाचकांनींच करावा. गेल्या दोन वर्षांपासून या खणांत एक चौथा खेळ येऊन बसला आहे. त्यास पट नाहीं. सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी अडत नाहीं. निरनिराळ्या आकारांचे सात फांसे, शिसपेन्सिली आणि खेळणाऱ्या प्रत्येकाचा एकेक कागद, एवढेंच काय तें त्याचें साहित्य. माझ्या पुतण्यानें तो घरांत आणला. इंग्रजींत त्यास ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात. आई त्यास ‘सोंगाचा डाव’ म्हणते, आणि घरांत तेंच नांव रूढ झालें आहे. या डावावरून मागील चातुर्मासांत आमच्या घरीं जो प्रसंग उद्भवला तो सांगावा, आणि त्या निमित्तानें या खेळांत माणसें कशासाठीं भांडतात तेंहि सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

पहिल्या तिहींशीं ताडून पाहिलें म्हणजे या चौथ्याचें वेगळेपण लवकर ध्यानांत येतें. मोक्षपटांत खेळणाराच्या बुद्धीस कांहींच काम नाहीं. कवड्या टाकाव्या, पडेल तितकीं घरें चालावें, शिडी आली तर चढावें, सापाचें तोंड आलें तर मुकाट्यानें खालीं यावें. तो निव्वळ दैवाचा खेळ. बुद्धिबळांत उलट दैवास थाराच नाहीं. सारीपाटांत दोहोंची सांगड आहे: दान दैवाचें, पण कोणती सोंगटी चालवावयाची तें आपलें. मात्र तिहींतहि एक गोष्ट समान आहे. काय काय करतां येईल, याची यादी आधींच ठरलेली असते. घोडा अडीच घरें जाईल. परंतु तो बिथरून स्वारास पाडणार नाहीं, आणि समोरच्या प्याद्यास चार मोहरा देऊन फितवितांहि येणार नाहीं. सोंगाच्या डावांत ही यादीच फाडून टाकलेली असते. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो: रात्र आहे, पाऊस नुकताच थांबला आहे, पुलापलीकडे दोन पहारेकरी शेकत बसले आहेत. बाकीचे एकेक सोंग घेतात आणि त्या सोंगाच्या तोंडून आपण काय करतों तें सांगतात. तें साधेल कीं नाहीं हें उघड असेल तेथें सूत्रधार सांगून मोकळा होतो. संशय असेल तेथें फांसा पडतो. कोंकणांतील दशावतार ज्यांनीं पाहिला असेल त्यांस यांतील अर्धी मौज लगेच कळेल. तेथेंहि कथानक ठरलेलें असतें, पण संवाद लिहिलेले नसतात. नट उभ्या जागीं ते रचतो. फरक एवढाच कीं, आमच्या डावांत कथानकाचा शेवटहि कोणास ठाऊक नसतो, खुद्द सूत्रधारासहि नाहीं.

हा खेळ अमेरिकेंतून आला हें खरें. परंतु त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें प्रशियाच्या लष्करांत सांपडतें, आणि प्रशियाच्या त्या खेळाचें मूळ बुद्धिबळांत, म्हणजे फिरून आपल्याच दारीं. १८२४ सालीं राइस्विट्झ नांवाच्या एका तरुण प्रशियन अधिकाऱ्यानें, वडिलांनीं आरंभिलेलें काम पुढें नेऊन, युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. चौकटींच्या पटाऐवजीं खरा नकाशा. दोन्ही पक्षांस एकमेकांचें सैन्य दिसावयाचें नाहीं. मध्यें एक पंच. आणि गोळीबारांत किती माणसें पडलीं तें फांसा टाकून व कोष्टकें पाहून ठरवावयाचें. कोष्टकांचा हा जाच पुढें नकोसा झाला. तेव्हां व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनानीनें १८७६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, कोष्टकें बाजूस सारावीं आणि निवाडा अनुभवी पंचाच्या बुद्धीवर सोंपवावा. नियमांनीं बांधलेला खरेपणा बरा, कीं जाणत्या माणसाच्या निवाड्यांतला बरा, हा वाद तेव्हांपासूनचा आहे. आमच्या मधल्या खोलींत तो दर रविवारीं नव्यानें होतो.

पुढें १९६९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत डेव्हिड वेस्ली नांवाच्या गृहस्थानें नेपोलियनच्या काळांतील एका काल्पनिक जर्मन गांवाचा डाव मांडला आणि प्रत्येक खेळणारास सैन्याऐवजीं एकेका माणसाची भूमिका दिली. खेळणारे त्याच्या योजनेबाहेर जाऊन मन मानेल तसें करूं लागले. डाव फसला असें त्यास वाटलें, आणि खेळणारांनीं मात्र पुन्हां मांडा म्हणून तगादा लावला! त्यांतलाच एक डेव्ह आर्नेसन. त्यानें आणि गॅरी गायगॅक्स यानें मिळून १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ति अवघी १,००० प्रतींची होती. आज जगभर जे शेंकडो सोंगाचे डाव टेबलावर व संगणकावर खेळले जातात, त्या बहुतेकांचें घराणें तेथवर नेतां येतें.

आमचा डाव देवगिरीचा. अमेरिकेंतल्या मूळ खेळांत भुयारें, तळघरें आणि त्यांत दडलेले राक्षस यांची रेलचेल असते. पुतण्या म्हणाला, “काका, आपल्याला भुयार कल्पावें कशाला लागतें? पंधरा किलोमीटरांवर खरेंच आहे कीं.” यादव राजा भिल्लम पांचवा यानें ११८७ च्या सुमारास वसविलेली ही राजधानी म्हणजेच आजचें दौलताबाद. डोंगराचे कडे चोहोंकडून दीडशें फुटांवर उंचीचे उभे तासलेले आहेत. भोंवतीं खडकांत कोरलेला खंदक. त्यावरून आंत जावयास एक चिंचोळी वाट. आणि त्यापुढें ती सुप्रसिद्ध ‘अंधारी’. खडकांतून वर चढत जाणारा, वळणावळणांचा, काळोखी मार्ग. कोठें पायऱ्या उंचसखल, कोठें चुकीचें वळण घेणाऱ्यास खंदकांत लोटणारें तोंड, आणि वरच्या टोंकाशीं लोखंडी झांकण, ज्यावर आग पेटवून आंत धूर कोंडावयाचा. आमच्या घरांतील प्रत्येक मूल कंदिलाच्या नाहीं तर मोबाइलच्या उजेडांत वटवाघळांच्या खालून तेथें गेलेलें आहे. साल ठरलें १२९६: अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आहे, राजा रामदेवराव गडावर अडकला आहे, आणि घाईघाईनें वर नेलेलीं पोतीं हाच काय तो गडाचा आधार.

त्या पोत्यांची कथा बहुतेकांस माहीत असेल. धान्याचीं म्हणून वर नेलेलीं तीं पोतीं कोंकणांतून आलेल्या व्यापाऱ्यांच्या मिठाचीं निघालीं, आणि वेढा सोसणें अशक्य झालें, असें फेरिश्ता लिहितो. फेरिश्ता हा विजापूर दरबारचा इतिहासकार, त्याचा ग्रंथ सतराव्या शतकाच्या आरंभींचा, म्हणजे घटनेनंतर तीनशें वर्षांनीं लिहिलेला. तेव्हां त्यावर किती विसंबावें हा प्रश्न आहेच. पण मी पेशानें इतिहासाचा शिक्षक होतों, आणि ही गोष्ट मीं घरांत इतक्या वेळां सांगितली आहे कीं, डावास बसलेल्या प्रत्येकास ती तोंडपाठ. गंमत अशी कीं, खेळणाऱ्या सर्वांस ठाऊक आणि सोंगांपैकीं एकासहि ठाऊक नाहीं! माझें सोंग राजाच्या दफ्तरांतील एका कारकुनाचें. तो कारकून दररोज त्या पोत्यांची मोजदाद लिहितो, आणि मला मात्र ओठ घट्ट मिटून बसावें लागतें. वर्गांत पस्तीस वर्षें मुलांस गप्प बसविलें, पण स्वतः गप्प बसण्याचा एवढा कस कधीं लागला नव्हता.

इतर सोंगें सांगतों. आईनें पायथ्याच्या वस्तींतील एका म्हाताऱ्या सुइणीचें सोंग घेतलें. सूनबाई बँकेंत अधिकारी आहे. ती झाली शिलेदार. पुतणी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकते, तिनें मुद्दाम हत्तीच्या माहुताचें सोंग घेतलें. माझा बारा वर्षांचा नातू झाला कडेचढ्या वीर. पुतण्या सूत्रधार. माझी पत्नी खेळत नाहीं. पण चहाच्या वेळीं ती जें एखादें वाक्य बोलून जाते, त्यानें कित्येकदां आमच्या बेतांतलें छिद्र उघडें पडतें.

पहिले दोन महिने सर्वांत जास्त त्रास मीं दिला, हें कबूल केलें पाहिजे. सूत्रधाराच्या नकाशांत चांदमिनार दिसला. मीं डाव थांबवून सांगितलें कीं, तो बहमनी काळांतला, पंधराव्या शतकांतला आहे. एकादशीच्या प्रसंगीं सूनबाईच्या शिलेदारानें साबुदाण्याची खिचडी मागितली. साबुदाणा नव्हता, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता, मिरची नव्हती, हें सारें पोर्तुगीज लोक आल्यानंतरचें, असें मीं अर्धा तास समजावून दिलें. उपवासाचें ताट रिकामें होत होत शेवटीं वरी आणि शिंगाडा तेवढे हातीं उरले. त्याच्या पुढच्या रविवारीं आईनें पहारेकऱ्याच्या डोळ्यांत तिखट फेंकण्याचा बेत काढला. मी पुन्हां आडवा. “मग मिरीं तरी होतीं ना रे?” तिनें विचारलें. होतीं, पण मलबारांतून येणारीं. सूत्रधारानें भाव सांगितला तेव्हां सुइणीची वर्षाची कमाई मूठभर मिऱ्यांत जाते असें निघालें, आणि आईनेंच बेत सोडला.

त्या रात्रीं पुतण्यानें मला बाजूस घेऊन एक गोष्ट विचारली, ती माझ्या मनांत घर करून राहिली. तो म्हणाला, “काका, तुम्हीं काढलेल्या चुका खऱ्याच आहेत. पण चांदमिनार असला काय नि नसला काय, कोणाच्या करण्यांत फरक पडत नाहीं. मिरची मात्र पाडते. आजीनें तिच्यावर बेत रचला होता. मला दुसऱ्या प्रकारचा खरेपणा सांभाळूं द्या, पहिला आपण दोघे मिळून सांभाळूं.” मला वाटतें, या खेळांतील खरेपणाविषयीं मीं पुढें जें जें वाचलें त्यांत याहून नेमकें कांहीं मला आढळलें नाहीं. जगाची हुबेहूब नक्कल करणें हा एक छंद आहे, आणि तो वाईट नाहीं. परंतु खेळणाऱ्यास हवा असतो तो भरंवसा: आपण ज्यावर पाय ठेवून उडी घेणार, तो दगड उडी घेतेवेळीं तेथेंच असेल. (अंधारीचें आजचें रूप यादवकाळीं जसेंच्या तसें असेल काय, ही माझी एक शंका होती. ती मीं गिळून टाकली. अंधारी काढून घेतली असती तर डावच उरला नसता.)

नियमांनीं खरेपणा आणूं गेल्यास काय होतें, याचाहि अनुभव आम्हीं घेतला. मूळ खेळांत प्रत्येक सोंगास कांहीं प्राणांक असतात. तलवारीचा घाव बसला कीं ते कमी होतात, पण शेवटचा अंक संपेपर्यंत माणूस पहिल्याइतक्याच जोमानें लढतो. पुतणीस हें सहन होईना, “मांडीची धमनी तुटलेला माणूस उभा कसा राहील?” गायगॅक्सनें १९७९ च्या आपल्या ग्रंथांत याचा खुलासा केला आहे कीं, हे अंक म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे; त्यांत चपळाई, अनुभव आणि दैवहि मोजलेलें आहे. तिचें समाधान झालें नाहीं. मग पुतण्यानें १९७८ सालीं निघालेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाची रीत आणली, जींत घाव हाताला बसला कीं पायाला हें वेगळें ठरतें आणि त्या त्या अवयवाचा हिशेब वेगळा राहतो. खरेपणा वाढला यांत शंका नाहीं. पण दोन पहारेकऱ्यांशीं झालेली एक झटापट चार वाजतां सुरू होऊन दिवेलागणीस संपली, आणि तो पाण्याचा दिवस असल्यामुळें सूनबाईस मध्येंच दोनदां टाकीकडे धांवावें लागलें. दुसऱ्या आठवड्यास आम्ही निमूटपणें प्राणांकांकडे परतलों.

संगणकावर हे सर्व हिशेब यंत्र करतें, म्हणून तेथें खरेपणा स्वस्त पडतो. नातवाच्या काकाकडे ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ नांवाचा २०१८ सालचा एक झेक खेळ आहे. १४०३ सालचा बोहेमिया, जादू नाहीं, राक्षस नाहींत. नायक एका लोहाराचा मुलगा. त्याला भूक लागते, झोंप येते, कपडे मळलेले असले तर लोक नीट बोलत नाहींत, आणि तलवार धरावयास तो शिकेपर्यंत सामान्य चोरहि त्याला लोळवितो. त्यांत एक विशेष असा कीं, खेळ हवा तेव्हां जतन करून ठेवतां येत नाहीं. बिछान्यावर निजावें लागतें, नाहीं तर एक महागडें मद्य प्यावें लागतें. लोकांनीं फार ओरड केली तेव्हां, खेळ सोडून उठतेवेळीं जतन करण्याची सोय नंतर देण्यांत आली. हा जतन करण्याचा प्रश्न बाहेरून क्षुल्लक दिसतो, पण सारा कस त्यांतच आहे. मेल्यावर दोन मिनिटें मागें जाऊन पुन्हां जिवंत होतां येत असेल, तर धाडस हा शब्दच निरर्थक होतो. १९८० च्या सुमारास निघालेल्या ‘रोग’ या खेळांत मरण म्हणजे मरण होतें. आरंभापासून नवें सोंग. २०२३ मध्यें गाजलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्येंहि, मागे फिरण्याची वाट नसलेली एक कठीण रीत मागाहून घालण्यांत आली, आणि लोक ती आपण होऊन निवडतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० सालीं काढलेला ‘राजी’ हा देखणा खेळ पुतणीनें आईस दाखविला. भावाला सोडवावयास निघालेल्या मुलीची ती कथा आईस फार आवडली. “पण हिला मी विचारीन तें करतां येतें का?” एवढेंच तिनें विचारलें. येत नाहीं. तो बोटांच्या चपळाईचा खेळ आहे, सोंगाचा नव्हे.

यंत्र-सूत्रधाराचा मोठा गुण म्हणजे तो कोणाची भीड धरीत नाहीं. आणि मोठा दोष म्हणजे जें त्यास आधीं शिकविलेलें नाहीं तें त्याच्या जगांत नाहींच.

खेळणाऱ्यांच्या तऱ्हा किती, यावरहि विद्वानांनीं बरीच शाई खर्च केली आहे. ग्लेन ब्लेको यानें १९८० सालीं चार तऱ्हा सांगितल्या: आपलें सोंग बलाढ्य करणारे, सोंगांत शिरणारे, डावपेंच लढविणारे आणि कथा रंगविणारे. संगणकावरील सामाईक खेळांसाठीं रिचर्ड बार्टल यानें १९९६ सालीं निराळ्या चार सांगितल्या. त्यांत नुसतें हिंडून जग पाहणारे आहेत, गप्पा मारावयास येणारे आहेत, आणि दुसऱ्यास मारण्यांतच गोडी घेणारेहि आहेत. कोणी तीन मानतात: कस, खरेपणा आणि कथा. ही वर्गवारी उपयोगी आहे, पण माणसें तींत निजत नाहींत. जुन्या बुद्धिबळपटूंत प्याद्यानें केलेली मात ही विशेष मानाची समजत. मात ती मातच, तरी वजिरानें केली तर ती गोडी नाहीं. म्हणजे जिंकणें हवेंच, पण अमुक रीतीनें हवें! आमची पुतणी माहुताच्या सोंगांत असतां जखमी माणसाची नाडीसुद्धां पाहत नसे, “माहुताला काय कळतें त्यांतलें?” म्हणून. आई नेमकी उलट. सुइणीला काय ठाऊक असेल याचा ती विचारच करीत नसे. सत्त्याऐंशीं वर्षांत तिला स्वतःला जें ठाऊक झालें तेंच ती सुइणीच्या तोंडीं घाली. नातवास कथेचें फारसें सोयरसुतक नव्हतें, पण न्यायाचें होतें. श्रावणांत त्यानें घोरपड लावून देवगिरीचा कडा चढण्याचा हट्ट धरला. सूत्रधारानें बजावलें कीं, हा तासलेला गुळगुळीत खडक आहे. तरी त्यानें फांसा टाकला, घोरपड सुटली, आणि वीराचें मनगट मोडलें. पुढचे चार रविवार त्याला तलवार धरतां आली नाहीं. तो रुसला, पण हिशेब खरा म्हणून त्यानें तो सोसला. पुढील प्रसंगाचें मूळ येथें आहे.

भाद्रपदांतील एका रविवारीं आमची टोळी गडाखालून बातमी काढून रात्रीं परत अंधारींत शिरली. वरच्या पहाऱ्यास परवलीचा शब्द द्यावयाचा होता. तो कारकुनाजवळ, म्हणजे माझ्याजवळ. तीन आठवड्यांपूर्वीं सूत्रधारानें तो सांगितला होता आणि मीं तो लिहून ठेविला नव्हता. पुतणीनें माझी बाजू घेतली: काका विसरले, पण राजाच्या दफ्तरांतला कारकून विसरेल काय? त्याच्या स्मरणाचा फांसा टाकूं द्या. नातू म्हणाला, “आजोबांनीं लिहून ठेवायला पाहिजे होतें.” खेळणाराची बुद्धि मोजावयाची कीं सोंगाची, हा या खेळांतील जुनाच तंटा आहे, गायगॅक्सनें १९७५ च्या एका स्पर्धेसाठीं एक थडगें रचलें होतें, तेथें सोंगाच्या बळाचा कांहीं उपयोग नसे, डोकें चालवील तोच वांचे. आमच्या सूत्रधारानें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें कीं परवली ज्याची त्यानें लक्षांत ठेवावयाची. मी चुकीचा शब्द बोललों. वर शत्रु समजून आग पेटविली गेली.

तेव्हां आईनें डोळे मिटून विचारलें, “वारा कोणीकडचा आहे रे?”

सर्वजण गप्प झाले. धूर वर जातो; आग वरच्या तोंडाशीं, आम्ही खालीं. चुलीपुढें ज्यांचा जन्म गेला त्यांनाच हा प्रश्न सुचावयाचा. सूत्रधारानें वाऱ्याचा विचारच केला नव्हता. त्यानें तें मान्य केलें आणि सर्वांदेखत फांसा टाकला: वारा वरून खालीं. धूर आमच्या अंगावर येणार. आईनें सर्वांस लुगड्याचीं, धोतराचीं टोंकें भिजवून नाकाशीं धरावयास लावलीं आणि भुईसरपट खालीं परत रांगावयास सांगितलें. इतरांचे त्यामुळें निभावलें. पण सुईण म्हातारी, अशक्त. वीस बाजूंच्या फांश्यावर तिला पंधरा किंवा अधिक पडावयास हवे होते. सूत्रधारापुढें पुठ्ठ्याचा एक आडपडदा असे. कांहीं फांसे तो त्यामागें टाकी. हा त्यानें तेथें टाकला, क्षणभर पाहिला, आणि म्हणाला, “सोळा. आजी, तूं वांचलीस.”

नातू त्याच्या कुशीशीं बसला होता. “सोळा नाहीं,” तो म्हणाला, “चार पडलेत. माझी घोरपड पडली तेव्हां नाहीं बदललें तुम्हीं.”

पुतण्याचा चेहरा उतरला. सूनबाईनें मुलास दटावलें. पुतणी म्हणाली, “आजी, पुन्हां टाकूं या ना, वाऱ्याचा प्रश्न किती सुंदर काढलात तुम्ही.” आई कांहीं बोलली नाहीं. तिनें पेन्सिल घेतली, सुइणीच्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, आणि पुतण्याला म्हणाली, “तुझ्या आजोबांनीं सारीपाटावर मला कधीं एक दान सोडलें नाहीं रे. आणि मीहि त्यांना नाहीं.” मग माझ्याकडे वळून तिनें अगदीं हळू सांगितलें, “पैठणच्या वेळींहि तुम्हीं असेंच केलेंत.”

पैठणास तिची धाकटी बहीण होती. दोन वर्षांपूर्वीं ती वारली तेव्हां आईची प्रकृति नाजूक होती, आणि सांगावयाचें नाहीं असा निर्णय घरांतला वडील या नात्यानें मीं घेतला. पंचवीस दिवसांनीं तिला कळलें. त्याबद्दल ती त्या वेळीं एक शब्द बोलली नव्हती. मी समजत होतों कीं तिनें तें विसरून टाकलें.

त्यानंतरचा रविवार फार वाईट गेला. डाव मांडला, पण कोणाचें चित्त नव्हतें. आई कपाटापाशीं वाती वळीत बसली होती. मीं त्या आठवड्यांत एकदां तिच्याजवळ बसून पैठणचें सारें, पहिल्या फोनपासून, सांगितलें. दवाखान्यांतले शेवटचे दोन दिवससुद्धां. तिनें मध्यें मध्यें प्रश्न विचारले. बहिणीच्या अंगावर कोणतें लुगडें होतें, हा त्यांतला एक. मला तें ठाऊक नव्हतें, आणि नाहीं म्हणून मीं सांगितलें.

पुढच्या खेपेस पुतण्यानें आडपडदा माळ्यावर टाकून दिला. आतां सर्व फांसे उघड्यावर, ताटांत पडतात. आवाज होतो, म्हणून माझी पत्नी कुरकुरते. चारचा चहा झाला, आणि आई आपली पाट घेऊन आमच्यांत येऊन बसली. नवा कागद मागितला.

“काय सोंग, आजी?” पुतण्यानें विचारलें.

“लमाणीण,” ती म्हणाली. “कोंकणांतून बैलांवर पोतीं घालून वर आलेली. पोत्यांत काय आहे तें मला ठाऊक आहे. तुम्हांला सांगायचें कीं नाहीं, तें मी बघेन.”